हादरा द्या, पण वही उघडी ठेवा

येळ्ळूरच्या शिवारात आमच्या मेहुण्याने गेल्या उन्हाळ्यात बोअर मारली. त्याआधी पाणाडी आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधाने फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली पडली. २८० फुटांवर पाणी लागलं. पाणाड्याला पैसे मिळाले, टॉवेल-टोपीचा आहेर झाला आणि गावभर नाव झालं. याच पाणाड्याने चार वर्षांपूर्वी पलीकडच्या वाटणीत दाखवलेली जागा ४५० फुटांपर्यंत धुरळा उडवत कोरडी गेली होती. मी आठवण करून दिली, तर मेहुणा हसून म्हणाला, "काय दाजी, ते जुनं कशाला काढतासा आता?"

जुनं न काढण्याची ही सवय बोअरपुरती राहिली असती तर मला लेख लिहायचं कारण नव्हतं. पण देशाच्या म्हाताऱ्या तेलविहिरींबद्दल मी जे वाचत आलोय त्यात मला हाच नारळ वारंवार दिसतो. तेल कमी आणि पाणी जास्त येऊ लागलेल्या तेलक्षेत्राला जमिनीवरून किंवा विहिरीच्या तळातून कंप द्यायचा, त्या लाटा खडकातून फिरवायच्या आणि खडकात अडकून बसलेलं तेल हलवून सुटं करायचं, अशी एक पद्धत आहे. तिच्यावर जगात ५०-६० वर्षं काम चाललंय. काहींना ती जादू वाटते, काहींना थोतांड. मला दोघांचंही पटत नाही. आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी ही पद्धत आपल्या जुन्या क्षेत्रांवर वापरून पाहावी, सार्वजनिक पैशाने पाहावी, पण ती चाचणी अशी असावी की तिचा निकाल पाणाड्याच्या नारळासारखा सोयीने आठवता किंवा विसरता येणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

मी तेलवाला नाही. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ३० वर्षं काढलेला माणूस आहे. आमचा आतेभाऊ मात्र गुजरातेत तेलविहिरींवर नोकरी करून आता टिळकवाडीत निवृत्त जीवन जगतो. या विषयात मला ओढलं ते त्यानेच.

पहिला गैरसमज दूर करू. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. खानापूरचा मातीचा माठ डोळ्यांसमोर आणा. माठाला भोक नसतं, तरी तो पाझरतो, कारण मातीत डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. तेल असतं ते अशाच वाळूखडकाच्या किंवा चुनखडीच्या छिद्रांत. गोकाकच्या धबधब्याखालचा खडकही मुळात वाळूचाच, पण तो इतका जुना आणि घट्ट की त्यातली छिद्रं केव्हाच बुजली. तेलाचा खडक तसा नसतो, त्याने अजून श्वास सोडलेला नसतो. आता खापराचा एक तुकडा गोडेतेलात बुडवून ठेवा, मग त्यावरून पाण्याची धार सोडा. थोडं तेल निघून जाईल. बाकीचं? ते आत बसून राहील, धार कितीही वेळ चालू ठेवा.

तेलक्षेत्रात नेमकं हेच होतं. सुरुवातीला खडकातल्या स्वतःच्या दाबाने तेल वर येतं, त्यात मूळ साठ्याचा लहानसा भागच मिळतो. मग शेजारच्या विहिरींतून पाणी आत ढकलतात, ते तेलाला रेटत नेतं. एवढं करूनही जगभरच्या क्षेत्रांची सरासरी काढली तर साठ्याचा सुमारे एक तृतीयांशच वर येतो. दोन तृतीयांश खालीच.

आमच्या भागात हा हिशेब ऐकून माणसं दचकतात, कारण आम्ही उसाची माणसं. साखर कारखान्यात ऊस एकामागोमाग चार-पाच घाण्यांतून जातो, शेवटच्या घाण्यांआधी चिपाडावर गरम पाणी मारतात, आणि उसातली ९५ टक्क्यांच्या आसपास साखर रसात उतरते. चिपाडात साखर जास्त राहिली तर चीफ केमिस्टची झोप उडते. तेलवाल्यांच्या चिपाडात मात्र दोन तृतीयांश रस राहतो आणि त्यावरच जगाचा धंदा चालतो. अर्थात ऊस चिरडता येतो, दोन किलोमीटर खोलीवरचा खडक चरकात घालता येत नाही, हे मान्य.

उरलेलं तेल अडकतं कशाने, हे कळलं तरच कंपाचा मुद्दा कळतो. पाणी खडकातून वाहू लागलं की तेलाची सलग धार तुटते आणि तिचे थेंब होतात. छिद्र जिथे मोठं तिथे थेंब आरामात बसतो, पण पुढे जायला बारीक मान ओलांडावी लागते. मानेतून जायचं म्हणजे थेंबाला स्वतःला चिमटून घ्यावं लागतं, आणि पृष्ठताण ते करू देत नाही. पाणी शेजारच्या वाटेने निघून जातं, थेंब जागेवर.

मी कागदावर अंदाजी आकडे घालून पाहिले. मानेची रुंदी केसाच्या पाव भागाएवढी धरली आणि तेल-पाण्यातला नेहमीचा पृष्ठताण घेतला, तर थेंबाला अडवणारा दाब दोन फूट उंच पाण्याच्या स्तंभाएवढा निघतो. उलट एक मिलिमीटर लांबीच्या थेंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत्या पाण्याचा जो रेटा मिळतो, तो मिलिमीटरच्या अंशाएवढ्या पाण्याच्या स्तंभाइतका. फरक हजार पटींहून जास्त. थेंब लांब असेल, मान थोडी रुंद असेल, तर हा फरक कमी होतो. म्हणजे खडकात सगळ्या तऱ्हेचे थेंब असतात. काही हजार पटींनी अडकलेले, आणि काही असे की एक बारीकसा धक्का मिळाला तर सुटतील.

कंप मदत करू शकतो तो या दुसऱ्या प्रकारच्या थेंबांना. लाट आली की खडक किंचित पुढेमागे होतो, आतला द्रव त्याच्याशी पुरता जुळवून हलत नाही, आणि क्षणभर थेंबाला जास्तीचा रेटा मिळतो. दुसऱ्या क्षणी तेवढाच उलटा रेटाही मिळतो, मग फायदा काय, असं कुणी विचारेल. फायदा मानेच्या आकारात आहे. थेंबाचं डोकं एकदा मानेपलीकडे गेलं की पुढे मोकळी जागा असते, आणि मघाशी अडवणारा पृष्ठताणच आता त्याला पुढे ओढू लागतो. म्हणजे झोका दोन्हीकडे असला तरी वाट एकाच दिशेने उघडते. हे गणित कागदावर स्वच्छ बसतं. लहान काचनळ्यांत आणि खडकाच्या नमुन्यांत प्रयोगशाळांनी ते तपासलंय, अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचाही त्यात वाटा आहे.

कंपनसंख्या मात्र कमी हवी. आमच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बी लागते तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे गाण्याचे शब्द पोचत नाहीत, नुसतं धम् धम् पोचतं आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात. जमिनीतही तसंच. वेगवान कंप थोड्या अंतरात विरतो, सावकाश कंप लांब जातो. म्हणून ही मंडळी सेकंदाला काही ते काही डझन कंपांच्या पट्ट्यात काम करतात. तेल शोधायलाही जमिनीत लाटा सोडतात, त्यासाठी कंपन करणाऱ्या अवजड गाड्या असतात. पण तिथे लाट परत येताना काय बातमी आणते ते ऐकायचं असतं. इथे लाटेने जाऊन काम करायचं असतं. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रांत नेहमी होते.

साधनही काही अवाढव्य नसतं. एका प्रकारात विहिरीच्या तळाशी, तेल उपसणाऱ्या पंपाच्या सळईलाच एक दट्ट्या जोडतात. सळई वर जाताना तो द्रव दाबून धरतो, ठरावीक उंचीवर एकदम सोडतो आणि धक्का बसतो. पंप चालूच असतो, त्याच्याच जोरावर दर फेरीला एक हादरा. वेगळी वीज नगण्य. मला ही कल्पना आवडली, फाउंड्रीतल्या माणसाला आवडावी अशीच आहे. स्वस्त, ढोबळ, दुरुस्त करता येणारी. रसायनं ओतण्यापेक्षा किंवा वाफ सोडण्यापेक्षा तिचा खर्च कितीतरी कमी.

मग अडलंय कुठे? निकालांत.

हादऱ्याने भूगर्भातले द्रव हलतात, याबद्दल वाद नाही. १९३९ साली जेकब नावाच्या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने लाँग आयलंडवरच्या एका विहिरीत आगगाडी जाताना पाण्याचा दाब कसा बदलतो याची नोंद प्रसिद्ध केली होती. लोंढ्याच्या लाइनला लागून ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. १९६४ च्या अलास्का भूकंपाने तर हजारो किलोमीटरवरच्या विहिरींतलं पाणी डोललं. तेलाबाबत नेहमी दाखला दिला जातो तो कॅलिफोर्नियातल्या केर्न परगण्याचा. तिथे २१ जुलै १९५२ ला मोठा भूकंप झाला आणि नंतर आसपासच्या काही तेलविहिरींतला दाब वाढला, काहींचं उत्पादन काही काळ वाढलं. सगळ्या विहिरी सारख्या वागल्या नाहीत. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत सोव्हिएत संशोधकांनी जमिनीवर मोठी कंपनयंत्रं ठेवून प्रयोग केले. १९९४ साली बेरेस्नेव्ह आणि जॉन्सन या दोघांनी तोवरच्या कामाचा आढावा 'जिओफिजिक्स' या नियतकालिकात घेतला. त्याचा सूर असा, की परिणाम दिसतो, पण सगळीकडे सारखा दिसत नाही आणि तो का दिसतो हे पुरतं उलगडलेलं नाही. त्यानंतर गणित पुष्कळ पुढे गेलं. शेतावरचा निकाल, म्हणजे प्रत्यक्ष तेलक्षेत्रातला, अजूनही कुठे गोड तर कुठे कडू लागतो.

याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आमच्या फाउंड्रीत जोल्ट-स्क्वीझ मशीन असायचं. साचा तयार करताना ते पेटी उचलून आपटतं, धड धड धड, आणि वाळू पॅटर्नभोवती घट्ट बसते. ओतकाम थंड झालं की तीच पेटी नॉकआउटच्या जाळीवर जायची. तिथेही हादरेच, पण इथे तीच वाळू भुगा होऊन खाली गळायची. एक हादरा वाळू आवळतो, दुसरा सोडवतो. फरक वाळूच्या ओलीत, चिकणमातीच्या प्रमाणात आणि हादऱ्याच्या जातीत. तेलाच्या खडकात बारीक मातीचे कण असतातच. कंपाने ते सुटले तर कुठे वाट मोकळी होईल आणि कुठे तेच कण जाऊन मानेत बूच बसवतील. 'हादरा दिला की तेल वाढतं' हे वाक्य म्हणूनच 'हादरा दिला की वाळू बसते' इतकंच अर्धवट आहे.

आणि एक जुनी खोड सांगतो, स्वतःवर गुदरलेली. पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या भट्टीच्या फर्नेस ऑइलच्या नळीवर लोहचुंबक बसवायला एक विक्रेता आला. म्हणाला, चुंबकाने इंधनाचे रेणू सरळ होतात, १० टक्के तेल वाचेल. आम्ही हसलो, पण मालक म्हणाले, लावून पाहू. त्याच्या माणसाने चुंबक बसवला, जाता जाता बर्नर उघडून साफ केला, गाळणी बदलली, हवेचं प्रमाण नीट लावलं. पहिल्या महिन्यात तेल खरंच कमी लागलं. दुसऱ्यातही. आम्ही पैसे दिले. चौथ्या महिन्यात खप होता तिथे आला, कारण बर्नरवर पुन्हा काजळी धरली होती. तेल वाचवलं होतं फडक्याने, पैसे घेतले चुंबकाने. ते नळीवर बरीच वर्षं होतं, कुणी काढलं नाही, काढणार कोण आणि काय म्हणून.

तेलविहिरीवर नवं साधन उतरवायचं म्हणजे काय होतं, हे आतेभावाला विचारलं. तो म्हणाला, "आधी पंप बाहेर काढतात, नळ्या धुतात, तळातली वाळू उपसतात, झिजलेला व्हॉल्व्ह बदलतात. मग साधन बसवून विहीर चालू करतात." मी म्हटलं, मग नुसतं एवढं करून साधन न बसवता विहीर चालू केली तर? दादा हसला. "तरी वाढेल की. चार-सहा महिने तर नक्कीच."

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. साधन विकणाऱ्या कंपन्या आलेख दाखवतात, त्यात उत्पादनाची रेघ खाली येत असते आणि एका तारखेपासून वर वळते. त्या तारखेला विहिरीत आणखी काय काय केलं, शेजारच्या विहिरींत पाणी ढकलण्याचं प्रमाण बदललं होतं का, आणि ज्या विहिरींत रेघ वळली नाही त्या आलेखात का नाहीत, हे विचारणारं कुणी समोर लागतं. विहिरीचं उत्पादन कसं घटत जातं याचं गणित आर्प्स नावाच्या तेल-अभियंत्याने १९४५ सालीच मांडून ठेवलंय, आजही तेच वापरतात. पण त्या रेघेत थोडं तिरकं धरलं की 'न वाढलेलं' उत्पादन 'वाढलेलं' दाखवता येतं, कारण तुलना प्रत्यक्षाशी नसते, 'नाहीतर किती घटलं असतं' या अंदाजाशी असते. सीमाभागातली माणसं १९५१ च्या जनगणनेतले आकडे आणि महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातली कलमं तोंडपाठ म्हणतात. आकडा कुणी मोजला, कधी मोजला आणि कुणाच्या सोयीने वाचला याचं महत्त्व आम्हाला तरी वेगळं शिकवायला नको.

आता उलट बाजू. ही पद्धत इतकी संशयास्पद, तर तिच्यामागे पैसे कशाला घालवायचे, असं एक माझ्याच वयाचा मित्र विचारतो. त्याला मी आकडे दाखवतो. आपण वापरतो त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. देशातलं उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३८ दशलक्ष टन होतं, २०२३-२४ मध्ये ते २९ दशलक्ष टनांच्या आसपास उतरलं. आपली मोठी क्षेत्रं म्हातारी झालीत. अंकलेश्वरचं तेल १९६० चं, पंडित नेहरूंनी तिथल्या पहिल्या विहिरीला 'वसुधारा' म्हटलं होतं. मुंबई हायचा शोध १९७४ चा, 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खणणाऱ्या तराफ्याने लावलेला. (बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हा त्या समुद्रात कुणी भोकही पाडलं नव्हतं, नाहीतर आम्ही त्यातही वाटा मागितला असता, हा आमच्या घरातला जुना विनोद.) २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने याच मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सेवा पुरवणारी म्हणून नेमलं, यावरूनच दुखणं केवढं आहे ते कळावं.

जुन्या क्षेत्रांवर आपण काहीच केलं नाही असंही नाही. मेहसाणा भागातलं बालोलचं तेल काकवीसारखं दाट. तिथे खडकातच आग पेटवून, हवा ढकलून, त्या उष्णतेने तेल पातळ करण्याचा प्रयोग १९९० मध्ये सुरू झाला आणि पुढे व्यापारी पातळीवर गेला. राजस्थानात मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर मिसळून ते घट्ट करून ढकलतात, म्हणजे पाणी तेलाला वळसा घालून पळत नाही. या हिमती लहान नाहीत. खडकाला आग लावणाऱ्यांना हादरा देऊन पाहायला भीती वाटायचं कारण नाही.

पण हादरा सगळीकडे चालणार नाही, आणि इथे मी उत्साही मंडळींपासून वेगळा होतो. बालोलच्या दाट तेलाला अडवतो तो त्याचा स्वतःचा चिकटपणा. तिथे उष्णताच हवी, धक्क्याने काकवी धावत नाही. मुंबई हायचा खडक चुनखडीचा, त्यात भेगा आणि पोकळ्यांचा वेगळाच संसार, शिवाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात प्रत्येक चाचणी सोन्याच्या भावाची. सुरुवात करायची तर जमिनीवर, वाळूखडकात, जिथे तेल पातळ आहे आणि वर्षानुवर्षं पाणी ढकलून झालंय अशा ठिकाणी. गुजरातेतली अंकलेश्वर-कलोलसारखी जुनी क्षेत्रं मला त्या दृष्टीने योग्य वाटतात. आणि अपेक्षाही बेताची ठेवायला हवी. मघाचा हिशेब खरा असेल तर लाट फक्त काठावर बसलेले थेंब सोडवणार. साठ्यातला काही टक्के जास्तीचा भाग मिळाला तरी पुष्कळ झालं. त्यातही तेल वाढण्याइतकंच मोल पाणी घटण्याला आहे. म्हाताऱ्या विहिरीतून १०० बादल्या उपसल्या तर कधी कधी ९० पाण्याच्या निघतात. त्या उपसायला वीज, वेगळ्या करायला टाक्या, पुन्हा आत ढकलायला पंप. शंभरातल्या ९० च्या ८७ झाल्या तरी हिशेबनीसाला आनंद होतो.

आमच्या भागात हा विषय काढला की हमखास एक आवाज येतो, "भूकंप झाला म्हणजे?" तो आवाज हसण्यावारी नेऊ नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, घड्याळाने ११ तारीख लागली तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी १० चीच रात्र, कोयनेला हादरा बसला तेव्हा बेळगावातही माणसं घराबाहेर आली होती. सुमारे १८० जीव गेले. धरणात साठलेल्या पाण्याने भेगांमधला दाब बदलतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, हे जगाने ज्या ठिकाणांवरून शिकलं त्यात कोयना पहिल्या रांगेत आहे. तेलाच्या धंद्यानेही भूकंप आणलेत. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये तेलाबरोबर निघालेलं खारं पाणी खोल गाडल्यामुळे २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. पण या दोन्हींत दोषी आहे तो पाण्याचा वाढत गेलेला दाब. महिनोन् महिने चालणारा. ज्या कंपाबद्दल आपण बोलतोय तो एका सळईचा धक्का आहे, विहिरीपासून थोडं दूर गेलं की तो मालट्रक गेल्यासारखा. धोका असलाच तर पाणी ढकलण्यात आहे, आणि ते तर आपण दशकानुदशकं करतच आहोत. म्हणून चाचणीच्या जागी हैदराबादच्या एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसारख्या संस्थेने भूकंपमापक बसवावेत, त्यांच्या नोंदी गावाला दिसाव्यात. कोयनेची माणसं ज्यांची पाहुणी आहेत त्यांच्याकडून ही मागणी आली तर तिला भित्रेपणा म्हणू नये.

गंमत अशी की चाचणी कशी करावी याचा उत्तम नमुना एका तेलक्षेत्रातल्या भूकंपांवरच झालाय. कोलोरॅडोत रेंजली नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे पाणी ढकलल्यामुळे बारीक भूकंप होतात असा संशय होता. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ ते १९७३ या काळात तिथे प्रयोग केला. दाब कमी केला तर भूकंप थांबतात का, पुन्हा वाढवला तर परत येतात का, हे पाहिलं. थांबले, आणि परत आले. कुणाच्या मनात शंका राहिली नाही, कारण कळ एकदा दाबून समाधान मानलं नव्हतं, ती पुन्हा सोडूनही पाहिली होती.

हादऱ्याचीही परीक्षा अशीच घ्यायची. विहिरींचे दोन गट आधी जाहीर करायचे, एकाच वयाचे, एकाच खडकातले. दोन्ही गटांतल्या विहिरींचे पंप एकाच वेळी काढून, धुऊन, दुरुस्त करून परत बसवायचे, म्हणजे फडक्याचं श्रेय चुंबकाला जाणार नाही. हादऱ्याचं साधन दोन्हीकडे उतरवायचं, चालू मात्र एकाच गटात करायचं, आणि काही महिन्यांनी अदलाबदल करायची. कधी चालू, कधी बंद, हे विहीर सांभाळणाऱ्याने किंवा साधन विकणाऱ्याने ठरवायचं नाही, आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पाणी ढकलण्याचं प्रमाण त्या काळात बदलायचं नाही, बदललंच तर लिहायचं. यात काहीही महाग नाही. महाग आहे ती शिस्त.

कुणी म्हणेल, सरकारचं धोरण आहेच की. खरंय. २०१८ मध्ये केंद्राने जुन्या क्षेत्रांतून जास्त तेल काढण्यासाठी धोरण आणलं, प्रत्येक क्षेत्राची छाननी करायला सांगितली, वाढीव उत्पादनावर सवलती देऊ केल्या. त्याच वर्षी इथेनॉलच्या प्रकल्पांसाठी व्याजात सवलतीची योजनाही आली. आज आमच्या जिल्ह्यात दोन डझनांहून जास्त साखर कारखाने आहेत, इथेनॉल म्हणजे काय हे चिकोडी-रायबागच्या पोरालाही ठाऊक आहे, आणि पेट्रोलात २० टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढून आणलं गेलं. जुन्या तेलक्षेत्रांच्या त्या धोरणाचं नाव किती जणांनी ऐकलंय? उसामागे कारखाने आहेत, संचालक मंडळं आहेत, मतं आहेत. म्हाताऱ्या तेलविहिरीला मतदारसंघ नसतो. मी उसाच्या विरोधात नाही, माझ्या सासुरवाडीचा संसार त्यावर उभा आहे. पण परदेशी तेल वाचवायला आपण घटप्रभेचं आणि कृष्णेचं पाणी उसातून पेट्रोलच्या टाकीत ओततोय, तर त्याच कारणासाठी खणून ठेवलेल्या विहिरीतला उरलेला रस नीट तपासून पाहणं निदान त्याच तोलाचं काम मानलं जावं.

तेलाचा जमानाच संपत आला, आता कशाला, हाही एक आक्षेप आहे. तो प्रामाणिक आहे. पण जमाना उद्या संपत नाही, तोवर गाडीत तेल पडणारच आहे, आणि नवीन जंगलात, नवीन समुद्रात भोकं पाडण्यापेक्षा ज्या विहिरीचा रस्ता, नळ, टाकी, कामगार सगळं तयार आहे तिथूनच ते यावं हे मला कमी पाप वाटतं. मतभेदाला इथे जागा आहे, मी अडून बसणार नाही.

ज्यावर अडून बसेन ती वही. अहमदाबादला ओएनजीसीची साठ्यांचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ रिझर्व्हॉयर स्टडीज. चाचणी तिने आखावी. पण रोजच्या नोंदी, प्रत्येक विहिरीचं तेल, पाणी, वायू, दाब, दुरुस्ती, हे सगळं चाचणी चालू असतानाच कुणालाही पाहता येईल असं मांडावं, फसलेल्या विहिरींसकट. कंपनीचं गुपित फुटेल म्हणतात. पाच-दहा म्हाताऱ्या विहिरींच्या आकड्यांत कसलं गुपित? आणि साधन विकणाऱ्याला पैसे आधी ठरलेल्या मोजमापावरच मिळावेत. मग निविदेत कोण उतरतं आणि कोण पाठ फिरवतं, यावरूनच निम्मा निकाल कळेल.

आतेभावाला हा लेख वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "एक राहिलं. हादरा ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवसापासून वही सुरू करतात सगळे. ती सहा महिने आधी सुरू करायला सांग."